गुन्हा आणि माध्यमे: अटक छापून येते, निर्दोष सुटका का येत नाही?

मलप्रभाकाठ (खानापूर):
नमस्कार. बेळगावातील एका महाविद्यालयात पत्रकारितेच्या पदवीसाठी मी या सत्रात ‘गुन्हा आणि माध्यमे’ हा ऐच्छिक विषय घेतला होता. आता शेवटचे टिपण लिहायचे आहे: या अभ्यासाने तुमच्या वाचनात काय बदलले?

वर्गात १९५९ च्या नानावटी खटल्यावर बरीच चर्चा झाली. ज्यूरीने (सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी) ८ विरुद्ध १ मतांनी खुनाचा आरोप असलेल्या नानावटी या नौदल अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे झालेली जन्मठेप १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि या काळात एक साप्ताहिक उघडपणे त्याच्या बाजूने मोहीम चालवत होते. त्याच्यासाठी लिहिणारे कोणी तरी होते. आमच्या गावातील एका दूधवाल्यासाठी मात्र कोणीच नव्हते. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना नेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘चोरटा जेरबंद’ या मथळ्याखाली त्यांचे छायाचित्र छापून आले. तीन वर्षांनी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, त्याची एक ओळही आली नाही. तोवर त्यांच्याकडे रतीब लावलेली घरे एकेक करून सुटली होती.

ही चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर होते, हे या क्षेत्रातील जाणकारांनी सांगावे.

जुना उपसंपादक (बेळगाव):
ताई, मी अनेक वर्षे मराठी दैनिकात उपसंपादक होतो, त्यामुळे या दोषात माझाही वाटा आहे.

आपल्याकडे पोलिसांची प्रेस नोट कन्नडमध्ये येते. तिच्यात ‘बंधन’ असेल तर ती अटक. मराठीत त्या शब्दाचा अर्थ निराळा असल्याने नवखा बातमीदार निदान थबकून विचारतो. गफलत होते ती ‘वशक्के पडेदु’ या शब्दांपाशी. त्याचा अर्थ ‘ताब्यात घेऊन’ एवढाच, आणि पुष्कळदा ते फक्त चौकशीसाठी असते. रात्री पान सोडायच्या घाईत त्याचे ‘अटक’ होते, मथळ्यापर्यंत पोहोचताना ‘जेरबंद’ होते, आणि संशयित हा शब्द वाटेतच गळून पडतो. ‘जेरबंद’ हा शब्द मी स्वतः शेकडो वेळा लावला असेन; तो दोन स्तंभांत नेमका बसतो, हे त्याचे एकमेव कारण होते.

सुटकेची बातमी न येण्याचे कारण याहून साधे आहे. अटकेची माहिती ठाण्यातून आपणहून कार्यालयात येते. निकाल काही वर्षांनी लागतो आणि त्याची नोट कोणीही पाठवत नाही; त्यासाठी बातमीदाराला न्यायालयात जाऊन बसावे लागते. तालुक्याचा बातमीदार बहुधा दुसरा व्यवसाय सांभाळून बातम्या देतो. त्याने तो दिवस कोठून आणायचा? तरीही ज्याचे छायाचित्र आपण छापले, त्याच्या खटल्याची तारीख नोंदवून ठेवणे आमच्या हातात होते, आणि ते आम्ही केले नाही.

वेदगंगा (निपाणी, वकील):
उपसंपादक साहेबांनी प्रांजळपणे लिहिले, त्याबद्दल त्यांचे आभार. मी एका वाक्याची भर घालतो: ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत असे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. न्यायालय जे विचारात घेत नाही, ते वाचक मात्र चहाबरोबर घेतो आणि मनाशी निकाल देऊन मोकळा होतो.

माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सविस्तर निकाल दिला आहे. आपण सीमेच्या अलीकडे, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाच्या कक्षेत येतो, त्यामुळे तो येथे बंधनकारक नाही, पण युक्तिवादात मांडता येतो. टिपणात हा भेद जरूर लिहा. अनेक जण तो विसरतात.

त्या दूधवाल्यांचा निकाल हवा असेल तर न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ या संकेतस्थळावर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष घालून शोधता येतो.

गुरुजी (चिक्कोडी):
एक मुद्दा राहिला. व्यक्तीचे नाव बाजूला राहते आणि ‘अमुक समाजाची टोळी’ असे छापले जाते, तेव्हा निर्दोष सुटायला कोणी एक माणूसच उरत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि हुबळीसारख्या ठिकाणी त्यांना कुंपणाच्या वसाहतींत ठेवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण माझ्या वर्गातील काही मुले आजही आपल्या जातीचे नाव सांगताना आवाज खाली घेतात.

मलप्रभाकाठ (खानापूर):
आपणा तिघांचीही मी ऋणी आहे. गुरुजी, आपला मुद्दा आमच्या वर्गात एकदाही आला नव्हता, तो मी शिक्षकांपुढे मांडीन. वकील साहेब, गुन्हा क्रमांक त्या दूधवाल्या काकांच्या जामिनाच्या कागदावर असणार. रविवारी गावी जाऊन पाहते. निकालाची प्रत मिळाली आणि काकांची संमती असली, तर टिपणाची सुरुवात तिच्यापासून करीन. ती बातमी म्हणून छापण्याची विनंतीही त्या दैनिकाला करायची आहे; ते पत्र कसे लिहावे, हे उपसंपादक साहेबांनी कृपया सांगावे.