घरचं केसांचं तेल तीन आठवड्यांत आंबलं, कुठे चुकलं?

रिकामी_बरणी:
जूनमध्ये डेंगी झाला, ऑगस्टपासून केस मुठीत येताहेत. बाजारचं तेल नको म्हणून अर्धा लिटर घाण्याचं खोबरेल आणलं. त्यात दहाबारा जास्वंदी, कढीपत्ता आणि कुंडीतल्या कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून घातला. हिरवा रंग आला की गॅस बंद केला. परवा बरणी उघडली तर तळाशी गढूळ पाणी, वर पांढरी जाळी आणि आंबूस वास. पुन्हा करायचंय. कोणी नीट कृती सांगेल का?

लोखंडी_कढई:
रंगावर गेलीस तिथेच फसलीस. रंग पाच मिनिटांत उतरतो, पाणी उतरायला दुपार जाते. कोरफड म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, ते तेलात राहिलं की बुरशी धरणारच.

आमच्याकडे माक्याचं तेल होतं. माका आत्ता बांधावर, ओढ्याकाठी भरपूर मिळेल. पांढऱ्या बारीक फुलांचाच घे; बागेत लावतात तो पिवळ्या फुलांचा माका वेगळा. पान तळहातावर चोळून बघ, थोड्या वेळात हात काळपट झाला पाहिजे. आयुर्वेदातलं माप सोपं आहे: वाटलेला कल्क एक भाग, तेल चार, रस किंवा काढा सोळा. म्हणजे अर्ध्या लिटर तेलाला सव्वाशे ग्रॅम कल्क आणि दोन लिटर रस. एवढा माका खुडताना कंबर मोडते, म्हणून मी अर्धा लिटर रस आणि बाकी आवळकाठीचा काढा घेते. कल्कात ब्राह्मी, जास्वंदीची पानं, थोडा नागरमोथा. वासाला जटामांसी आणि वाळा. काष्ठौषधींच्या दुकानात दोन्ही मिळतात.

कढई तेलाच्या सहापट मोठी हवी, नाहीतर उतू जाऊन ओटा पेटायचा. आच मंद, आणि ढवळणं सोडायचं नाही, कल्क तळाला लागतो. शेवटी फेस येतो. तेव्हा कल्क चिमटीत घेऊन वळ. वात वळली गेली आणि ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, की पाणी गेलं. तडतडली तर अजून शिजव. वात वळण्याऐवजी कल्काचा चुरा होत असेल तर तेल जास्त शिजलं.

गरम असतानाच कोरड्या फडक्यातून गाळ, पूर्ण निवल्यावरच काचेच्या बाटलीत भर. ओला हात बाटलीला लावलास तर पुन्हा हाच धागा काढशील :)

बर्लिनकर:
तिळाचं तेल चालेल का? इथे ऑक्टोबरपासून खोबरेलाचा दगड होतो.

लोखंडी_कढई:
चालेल की! खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, तीळतेल पातळ राहतं. वास मात्र उग्र येईल.

मीठभाकर:
गाळल्यावर भीमसेनी कापूर टाका. डोकं गार राहतं, आमच्या घरी सगळ्यांना लावतो.

दोन_मुलांची_आई:
सगळ्यांना म्हणजे लहान मुलांनाही? कृपया नको. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि मुलं तेलाचे हात तोंडात घालतातच. घरात बाळ असेल तर बिनकापराचंच तेल करा.

मीठभाकर:
हे माहीत नव्हतं. पुढचा घाणा बिनकापराचा.

कडू_काढा:
तेल जरूर करा, पण गळती डेंगीची आहे. मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी केस असे झडतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप सावरतात. म्हणजे डिसेंबरात केस आले की श्रेय माक्याला जाणार! तरी थांबलं नाही तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवू नका. कोंड्याला कारण असणारी बुरशी टाळूच्या तेलावरच पोसते.

रिकामी_बरणी:
कोंडा नाही. रविवारी सासूबाईंबरोबर ओढ्यावर जाऊन पिशवीभर माका आणला, हात अजून काळे आहेत. साडेतीन तास ढवळलं. पहिली वात तडतडली, दुसरीही. तिसरी गप्प जळली. सासूबाई म्हणाल्या, "एवढं ढवळण्यापेक्षा केस गळालेले परवडले."

@लोखंडी_कढई, उरलेला तेलकट चोथा टाकून देता का? बराच आहे.

लोखंडी_कढई:
टाकतेस कशाला? न्हायच्या आधी टाळूला चोळ. पण मोरीवर जाळी ठेव.