शब्दचर्चा : ‘दाद न देणारा’ प्रोस्टेट कॅन्सर

प्रश्न : प्रोस्टेट कॅन्सरच्या नव्या औषधांवरचा लेख मराठीत करते आहे. ‘कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट’ हा शब्द त्यात सारखा येतो. ‘खच्चीकरण-रोधक’ लिहायला हात धजत नाही. ‘हार्मोनला दाद न देणारा’ चालेल का?

प्रतिसाद : ‘खच्चीकरण’ नकोच. तो शब्द बैल-बोकडांचा, आणि हे वाचणारा स्वतः रुग्ण असू शकतो. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी वृषणे काढल्यावर हा कॅन्सर ओसरतो हे दाखवले (१९६६ चे नोबेल त्याचेच), तिथून ‘कॅस्ट्रेशन’ चिकटले. आज बहुतेकांना टेस्टोस्टेरॉन (वृषणांत बनणारे पुरुषी हार्मोन) उतरवणारे इंजेक्शनच देतात. रक्तातले टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली उतरले, तरी आजार वाढतोच आहे, एवढाच या शब्दाचा अर्थ.

‘हार्मोनला दाद न देणारा’ मात्र अर्थ उलटा करतो. इंग्रजीतही पूर्वी ‘हार्मोन-रिफ्रॅक्टरी’ म्हणत. तो शब्द मागे पडला, कारण या पेशी बहुधा हार्मोनवरच जगत असतात. टेस्टोस्टेरॉन आटले की त्या अँड्रोजेनचे (टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनचे) ग्राही, म्हणजे हार्मोन धरणारी प्रथिने, वाढवतात आणि थेंबभरावर भागवतात. काही गाठी तर हार्मोन स्वतःच तयार करतात. हे उमगले म्हणून तर नवी औषधे निघाली. अबिराटेरोन (अमेरिकेत मान्यता २०११) अँड्रोजेन बनवणारे विकर (एन्झाइम) अडवते. वृषणांत, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत आणि खुद्द गाठीतही. पुढच्याच वर्षी आलेले एन्झालुटामाइड थेट ग्राहीवर जाऊन बसते. ‘हार्मोनला दाद देत नाही’ असे वाचले, तर घरचे म्हणणार, मग पुन्हा हार्मोन अडवणारीच गोळी कशाला?

आणखी एक प्रतिसाद : पटले. पण ‘दाद न देणे’ अस्सल मराठी आहे, टाकू नका. कशाला दाद देत नाही ते लिहा. एआर-व्ही७ या ग्राहीच्या रूपात हार्मोन धरणारा भागच नसतो, म्हणजे एन्झालुटामाइडला बसायला जागा नाही. तिथे ‘एन्झालुटामाइडला दाद न देणारा’ चपखल. २०२२ मध्ये मान्यता मिळालेले, ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले औषध ग्राहीच्या वाटेलाच जात नाही. ते पेशीवरच्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटून किरणोत्साराने पेशी मारते.

आणि ‘पुरःस्थ ग्रंथी’ नको, प्रोस्टेटच ठेवा. ओपीडीत रुग्णही तेच म्हणतो.

प्रश्नकर्ती : मग पहिल्या उल्लेखाला ‘टेस्टोस्टेरॉन उतरवूनही वाढणारा प्रोस्टेट कॅन्सर’ असे सविस्तर लिहिते आणि पुढे डॉक्टरांच्या तोंडचे ‘सीआरपीसी’ (कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट प्रोस्टेट कॅन्सर) वापरते. फाइलवर रुग्णाला तेच दिसणार आहे.