खाम नदीच्या काठानं सायकल ट्रॅक: शहराला खरंच पाहिजे का रिकामटेकड्यांची चैन?

बेगमपुऱ्याचा_बाब्या
मंडळी, विषय टाकतो, भांडा पण शिव्या नकोत. आपल्या संभाजीनगरात सायकल दोनच लोकांची उरली. एक ज्याला गाडी परवडत नाही तो, अन दुसरा हेल्मेट-गॉगलवाला, जो पहाटे दौलताबादचा घाट चढून आठला घरी येतो अन स्पीडचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. मधल्या माणसाला जागाच नाही. मधला म्हणजे ज्याला अर्धा-पाऊण तास बारा-चौदाच्या स्पीडनं, वाटेत उतरून चहा पीत, इकडं तिकडं बघत नुसतं फिरायचंय. मी तसला.

अन जागा तर आहे ना, खाम. हर्सूल तलावाकडून खाली पाणचक्की, पुढं छावणी. 2021 पासून नदीचं काम सुरू झालं, छावणीकडं जिथून नाकाला रुमाल लावून जायचो तिथं आता लोक लेकरं घेऊन बसतात. 2023-24 ला शहरांसाठीच्या एका जागतिक पुरस्काराच्या शेवटच्या पाचात आपली खाम होती, ही गोष्ट आपल्यातल्या निम्म्यांना माहीत पण नसंल. तर या काठानं तीन मीटरची सलग वाट करा. समोरासमोर दोन सायकली निघतील एवढीच. डांबर नको, मुरूम दाबून द्या, अन बाईक पूर्ण बंद.

परवा रविवारी सहाला निघालो. महमूद दरवाजापाशी पाय टेकून उभा राहिलो तर पाणचक्कीच्या हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला. पंधरा वर्षं त्या दरवाजातून रोज गाडीवर जातोय, एकदापण ऐकला नव्हता. एवढ्यासाठी पाहिजे मला ट्रॅक.

वाळूज_फर्स्ट_शिफ्ट
भाऊ आवाज ऐकायला ट्रॅक पाहिजे म्हणता, ऐकून बरं वाटलं. माझा बाप 26 वर्षं वाळूज एमआयडीसीला सायकलवर गेला. सातची शिफ्ट, साडेपाचला निघायचा, हँडलला डब्याची पिशवी, पावसाळ्यात डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ. नगर नाक्याच्या पुढं ट्रकवाले अंगावर घालायचे, दोनदा खड्ड्यात गेला, एकदा डबा फुटला अन दिवसभर उपाशी काम केलं. त्याच्यासाठी कुणी रस्त्यावर पांढरा पट्टापण मारला नाही. आता तुम्हाला चहा पीत फिरायचंय तर लगेच तीन मीटर?

लेन करायची तर जिथं सायकल पोटासाठी चालते तिथं करा. वाळूज रोडला करा, जालना रोडला करा, शेंद्र्याकडं करा. काल मुद्दाम विचारलं घरी, पप्पा येता का खामला सायकलवर, मजा येईल. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माझी शिफ्ट संपली."

बेगमपुऱ्याचा_बाब्या
वडिलांबद्दल तुम्ही लिहिलं त्याच्यावर बोलायची माझी लायकी नाही. पण जालना रोडला लेन करा म्हणता, केली होती ना शहरात. 2020 ला देशभर सायकलचं ते चॅलेंज चाललं होतं तेव्हा रस्त्याच्या कडेला खुंट्या ठोकून पट्टा आखला होता. मी स्वतः चालवलीय त्याच्यावर. काही दिवसांत तिथं चारचाकी उभ्या राहायल्या, एक भेळीचा गाडा तर दोन खुंट्यांच्या मधोमध असा बसला जसा त्याच्यासाठीच माप घेऊन ठोकल्यात. मोठ्या रस्त्यावर सायकलला जागा मिळायला आधी सायकल चालवणारे दिसायला पाहिजेत, अन ते तयार होतात असल्या निवांत वाटेवर. डायरेक्ट जालना रोडला कोण लेकराला शिकवतंय?

वाळूज_फर्स्ट_शिफ्ट
चालवणारे "दिसायला पाहिजेत" म्हणे. पहाटे सहाला या नगर नाक्याला, दिसतील. आजपण आहेत. तुम्हाला दिसत नाहीत कारण त्यांच्याकडं हेल्मेट नाही अन ते रविवारी झोपतात.

सिडको_एन_सात
नळाला पाणी आठवड्यानं, अन चर्चा सायकल ट्रॅकची. धन्य आहे.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
हे उत्तर या शहरात कुठल्याही विषयावर चालतं. बाग पाहिजे, आधी पाणी. लायब्ररी पाहिजे, आधी पाणी. पण दादा, खाम जाते कुठं? गोदावरीला, नाथसागरात. अन आपण पितो कुठलं? तिथलंच वर ओढून आणतो. मग ही नदी साफ ठेवणं हा पाण्याचाच विषय झाला. अन नदीकाठी माणसं फिरायला लागली की रात्रीतून मलब्याचा ट्रॅक्टर रिकामा करायला माणूस दोनदा विचार करतो.

सिडको_एन_सात
नदी साफ करू नका असं म्हणलो का मी? दोन गोष्टी एका पोत्यात भरू नका. नाले अडवा, सांडपाण्याचं बघा, त्याला कुणाचाच विरोध नाही. मुरूम टाकून तीन मीटर वाट केली म्हणजे नदी साफ होते हे कुठलं गणित? उलट काठ पक्का करायच्या नादात पात्र अरुंद होतं, एका पावसात पाणी वर येतं अन तुमचा मुरूम वाहून खाली पुलाला अडकतो. मग पुन्हा टेंडर. कुणाची चैन होते ते कळलं का?

थापट्या
मुरूम-टेंडरचा मुद्दा बरोबर आहे, मलापण पटला. पण मी दुसऱ्याच कारणानं आलोय. हा विषय निघाला की कुणीतरी हळूच म्हणतं, सलीम अली सरोवराला पण गोल ट्रॅक करा, सोबत लाइटिंग, सेल्फी पॉइंट. कृपा करा. हिवाळ्यात तिथं बदकं येतात, माझं हे नाव ज्याच्यावरून घेतलंय तो थापट्यापण येतो, अन त्याला रंगीत दिव्यांची गरज नाही. खामला करा, पण वाट पाण्याला चिकटून नको, वर काठावरून जाऊ द्या. अन झाडं लावणार तर पामचे खांब नका लावू. करंज लावा, कडुनिंब लावा. एप्रिलमध्ये नऊ वाजता इथं सावली नसंल तर सायकल काय, कुत्रंपण फिरत नाही. हिमायतबागेच्या कडेनं एकदा जाऊन बघा, तिथल्या जुन्या झाडांखाली अन बाहेरच्या रस्त्यावर किती फरक लागतो. तुमचा ट्रॅक आधी सावलीवर चालणार, मुरमावर नंतर.

सकाळचा_वॉकर
मी निवृत्त माणूस आहे, वय 67. ट्रॅक पाहिजे तिथं करा, फक्त बागेत सायकल नको. मागच्या वर्षी एका बागेत पाठीमागून एक पोरगा आला, बेल नाही ब्रेक नाही, माझ्या गुडघ्याला दीड महिना पट्टा होता. त्याची आई मलाच म्हणाली काका बाजूनं चाला ना. बागेच्या गेटवर "सायकल आणू नये" असा बोर्ड आहे, त्याच बोर्डाला टेकवून तीन सायकली लावलेल्या असतात.

लेडीज_सायकल_41
काका वाईट वाटलं, पण ती पोरं जाणार कुठं? मी स्वतः बागेतच शिकलेय, तेपण 41 व्या वर्षी, लेकीच्या सायकलवर. भर दुपारी जायचे, जेव्हा माळी सोडून कुणी नसायचं. माळीकाका लांबून ओरडायचे, "ताई चाकाकडं नका बघू, म्होरं बघा म्होरं!" चौथ्या दिवशी जमलं. रस्त्यावर शिकले असते तर अर्ध्या कॉलनीनं बाल्कनीत खुर्च्या टाकल्या असत्या.

बाब्याभाऊ तुमची वाट छान आहे पण तुम्ही ती पुरुषाच्या डोळ्यानं बघताय. निवांत, झाडी, कुणी नाही, फक्त पाण्याचा आवाज. मला "कुणी नाही" हेच नकोय. मागं दोन पोरं गाडी हळू करून यायला लागली की पाण्याचाबिण्याचा आवाज कुठला, स्वतःच्या छातीचाच ऐकू येतो. मला वाटेवर चहाची टपरी पाहिजे, फुलवाली पाहिजे, उसाचं गुऱ्हाळ पाहिजे, अन दर थोड्या अंतरावर वर रस्त्याला निघायला फाटा पाहिजे. एक किलोमीटर दोन्हीकडून बंद असलेली वाट माझ्यासाठी ट्रॅक नाही, बोळ आहे. विद्यापीठाच्या रस्त्यांवर मी सकाळी एकटी जाते ते का? तिथं वॉकिंगवाले असतात, भरतीची पोरं पळत असतात, कुणी ना कुणी दिसतं.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरं सांगतो. टपऱ्या नकोत असं मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिणार होतो, बरं झालं विसरलो.

वाळूज_फर्स्ट_शिफ्ट
ताईंचं पटलं. बाब्याचं अजून नाही. फाटे ठेवणार असाल तर एक फाटा असा ठेवा की छावणीतून निघून वाळूजच्या रोडला लागंल. म्हणजे कामावर जाणारा निम्मं अंतर तरी ट्रकपासून लांब राहील. तेवढं करत असाल तर माझा विरोध मागं. पण तुम्ही करणार नाही, कारण त्यानं तुमच्या निवांतपणात पहाटे घाईतली माणसं घुसतील, स्टँडवर डबा, अंगावर कंपनीचा निळा शर्ट.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
घुसू द्या की. पहाटे सहाला मी डाव्या बाजूनं चालवीन.

वाळूज_फर्स्ट_शिफ्ट
बघू.

पंक्चरवाला_छावणी
सगळं वाचलं. माझं दुकान तिथंच आहे, कुणी मला विचारलं नाही म्हणून स्वतःच सांगतो. लॉकडाऊनमध्ये लोकांनी गिअरच्या सायकली घेतल्या, पंधरा-वीस हजाराच्या. आता त्यातल्या निम्म्या जिन्याखाली आहेत, दोन्ही चाकं बसलेली. महिन्यातून एखादी येते, म्हणतात हवा भरा, हवा भरतो तर टायरच तडकलेला. साधी काळी सायकलवाला मात्र दर पंधरा दिवसाला येतो, दूधवाला, सिक्युरिटीवाला, तो माझं खरं गिऱ्हाईक. त्यामुळं वाळूजवाल्या भाऊचं मला पटतंय.

पण नदीकडं जाणाऱ्यांचं वेगळंच असतं. तिकडं सगळी वेडी बाभळ. काटा एवढा बारीक की दिसत नाही, टायरच्या आतून बोट फिरवावं लागतं, अन ते फिरवताना बोटात घुसतो. ट्यूब टबात धरली की एका जागी नाही, चार जागी बुडबुडे. तुम्ही मुरूम का डांबर म्हणून भांडायले, आधी ती बाभळ मुळातून काढा. नुसती तोडली तर दोन पावसात पुन्हा डोक्याएवढी होते.

थापट्या
मुळातून काढा अन जागा मोकळी सोडू नका, लगेच करंज लावा. नाहीतर तीच परत येते.

सिडको_एन_सात
म्हणजे आता बाभळीचंपण टेंडर.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
आज सकाळी गेलो होतो. पाणचक्कीच्या पुढं जेमतेम अर्धा किलोमीटर झाला असंल, मागचं चाक बसलं. ढकलत पुलापर्यंत आणली, शर्ट ओला. छावणीवाले दादा दुकान किती वाजता उघडता?

पंक्चरवाला_छावणी
नऊला. किती काटे आहेत?

बेगमपुऱ्याचा_बाब्या
दिसले तीन.

पंक्चरवाला_छावणी
म्हणजे पाच. ट्यूबला आधीची ठिगळं किती?

बेगमपुऱ्याचा_बाब्या
चार.

पंक्चरवाला_छावणी
नवी ट्यूबच टाकू. जुनी मला द्या, कॅरिअरला डबा बांधायला लोक पट्ट्या मागतात.