मदत हवी आहे: नाशिकमध्ये शाळेत नर्सची नोकरी

चांदणी_नाशिक: नाशिकमध्ये शाळेत नर्स म्हणून लागायचंय. महिनाभरात गंगापूर रोड, इंदिरानगरच्या चार शाळांत बायोडेटा देऊन आले, एकाचाही फोन नाही. एका ठिकाणी तर वॉचमननेच गेटवरून परत पाठवलं. आता नाइट ड्युटी शक्य नाही. नेमका कुठे अर्ज करू? लवकर सांगा.

सिन्नरकर: शिक्षण काय? नर्सिंगचा एएनएम किंवा जीएनएम डिप्लोमा, की बीएस्सी पदवी? सरकारी हवी की खासगी?

मावशी६२: शाळा कशाला? जर्मन शिका. माझी भाची बी-२ ही जर्मन भाषेची परीक्षा पास होऊन जर्मनीला गेली, सुखात आहे.

चांदणी_नाशिक: जर्मनी नको हो. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मिस्टर सातपूरला शिफ्टमध्ये. मी सहा वर्षं आयसीयूत काढलीत.

सिन्नरकर: ताई, शिक्षण विचारलं होतं.

चांदणी_नाशिक: जीएनएम.

सिन्नरकर: मग नवोदय नाहीतर एकलव्य या निवासी शाळांची जाहिरात धरा. केंद्राची कायम नोकरी, वर क्वार्टर.

देवळालीची_सिस्टर: थांबा, तिला भलतीकडे पाठवू नका. मी नऊ वर्षं निवासी शाळेत आहे. एकलव्यच्या 2025च्या जाहिरातीत महिला स्टाफ नर्सला बीएस्सी नर्सिंग मागितलं होतं, शिवाय 50 खाटांच्या रुग्णालयातला अडीच वर्षांचा अनुभव. नुसत्या जीएनएमवर भागत नाही, 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागेल. आणि निवासी म्हणजे रात्री दोन वाजता तापलेलं पोर दारात उभं. नाइट ड्युटी सुटत नाही, फक्त तिचं नाव बदलतं.

पंचवटी_आरोग्य: त्यापेक्षा आरबीएसके बघा, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना. 2013पासून चालू आहे. पथकात दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्स. शाळा वर्षातून एकदा, अंगणवाड्या दोनदा तपासायच्या. काम दिवसाचं.

देवळालीची_सिस्टर: ते गाडीतून फिरून तपासणं झालं, शाळेतली नर्स नव्हे. आणि कंत्राटी.

पंचवटी_आरोग्य: कंत्राटी आहे, मान्य. पण जन्मतः हृदयाला छिद्र असलेलं मूल आम्हीच शोधून ऑपरेशनपर्यंत नेलं. त्याला काय म्हणायचं?

ओजसची_आई: मध्येच विचारते. मुलाला दमा आहे, शाळा इनहेलर दप्तरात ठेवू देत नाही. काय करू?

देवळालीची_सिस्टर: डॉक्टरांची चिठ्ठी मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या. इनहेलर कपाटात कुलूपबंद नको, वर्गाजवळ हवा. चांदणी, बघ, शाळेला नर्स लागते ती यासाठी. बायोडेटात आयसीयू खाली टाक. दमा, फिट, मैदानावरची मोडतोड, मुलींची पाळी, पालकांना फोन, यातलं काय सांभाळता येतं ते वर लिही. गेटवर देऊ नकोस, मुख्याध्यापकांची वेळ घे. आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना? दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं.

चांदणी_नाशिक: अरे देवा. गेल्या वर्षीच संपलंय.

सिन्नरकर: हे आधी सांगायचं ना ताई! बायोडेटा नंतर, आधी ते करा.

चांदणी_नाशिक: आजच करायला घेते. सिस्टर, पोस्ट बेसिक नोकरी सांभाळून होतं का?

देवळालीची_सिस्टर: नाही, पूर्णवेळ आहे. मूल लहान आहे तोवर दिवसाची शाळाच बघ.

मावशी६२: भाचीचा नंबर देऊ का?