मदत हवी आहे: आंब्याची बिलं स्पॅममध्ये जातायत
नमस्कार मंडळी. देवगडला आमची हापूसची कलमं आहेत, पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतो. यंदा स्वतःच्या डोमेनवरून बिलं ईमेल करायला लागलो, तर बरीचशी स्पॅममध्ये! लोक फोन करतात, "पैसे भरले, पावती कुठाय?"

शोधल्यावर डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) दोन एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ती यादी) निघाले (भाच्याचा प्रताप). चालतो एकच, म्हणजे दोन्ही एकत्र करायचे ना? शिवाय बिलाचं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवरून मेल धाडतं, तो दोन्हींत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने छोट्या-मोठ्या सगळ्यांनाच एसपीएफ किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) सक्तीचं केलंय म्हणे.

डीकिमची किल्ली सॉफ्टवेअरवाल्याकडे मागायची की डोमेनवाल्याकडे? डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, तो नियम) सुरुवातीला नुसतं पाहणीपुरतं ठेवू का? चैत्र संपायच्या आत निस्तरायचंय.