सीमधल्या & ची जागा तेव्हाच बदलायला हवी होती

विश्रामबाग_क्लास: परवा क्लासमध्ये डिप्लोमाच्या एका मुलीनं सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत सम-विषमचा प्रोग्राम लिहिला. अट अशी: इफ (अ & १ == ०). तिला म्हणायचं होतं, & नं अ चा बायनरीतला शेवटचा अंक काढ, तो शून्य असेल (==) तर सम, नाहीतर विषम. पण चार टाका, सतरा टाका, उत्तर विषमच! अर्धा तास बिचारी डोकं धरून बसली होती. सी आधी == सोडवते, मग &. म्हणजे १ == ० चं उत्तर शून्य, आणि शून्याशी & केलं की शून्यच, म्हणजे अट कायम खोटी.

सीच्या आधीच्या, केन थॉम्प्सनच्या बी भाषेत आणि अगदी सुरुवातीच्या सीमध्ये दोन अटी जोडायलाही एकटा & च वापरायचे. तेव्हा त्याचा नंबर == च्या मागं असणं बरोबरच होतं. पुढं अटींसाठी && वेगळा आला, तरी & मागंच राहिला. सी बनवणाऱ्या डेनिस रिचीनं स्वतः १९८२ मध्ये लिहिलंय की तो तेव्हाच पुढं घ्यायला हवा होता. तेव्हा सगळा मिळून कोड काहीशे किलोबाइट, आणि सी बसवलेली ठिकाणं जेमतेम ३. एवढ्यासाठी आमच्या पोरांनी आजही अडखळायचं?

कुपवाड_एमआयडीसी: मॅडम, नाही पटत. मी रोज जुना सी कोड सांभाळतो. क्रम बदलला असता तर कंपायलरनं (कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामनं) चूक दाखवली नसती, जुन्या ओळींचा अर्थ गुपचूप फिरला असता. दोन कंस टाकायला असा किती वेळ लागतो?

विश्रामबाग_क्लास: असा अर्थ सीनं एकदा फिरवलाय की! ‘अ मध्ये इतकं मिळव’ यासाठी पूर्वी += नव्हतं, =+ होतं; वजाबाकीला तसंच =- होतं. अ=-१ म्हणजे ‘अ मधून १ वजा कर’. १९७६ च्या सुमारास चिन्हांची अदलाबदल केली आणि तीच ओळ ‘अ मध्ये उणे १ ठेव’ झाली. तो बदल झाला म्हणून आज कुणी तिथं फसत नाही.

मिरजकर: सावकाश बदलता येतं ना. फंक्शनला दिलेली किंमत पूर्णांक की आणखी काही, हा प्रकार त्याच्या कंसातच लिहायची रीत सीच्या १९८९ च्या मानकात आली, पण जुनी रीतही चालू ठेवली. ती थेट सी२३ या अलीकडच्या मानकात काढली.

कुपवाड_एमआयडीसी: तिथं दोन्ही रूपं दिसायला वेगळी होती, म्हणून शेजारी-शेजारी चालली. & ची ओळ दिसायला तीच, अर्थ दोन. सावकाश कसं करणार? आणि मॅडम, ठिकाणं तीनच असली तरी तिथली माणसं त्याच कोडवर रोज काम करत होती. मुलांना जीसीसी हा कंपायलर द्या, त्याला इशारे द्यायला सांगणारा -वॉल हा पर्याय लावायला शिकवा. याच ओळीवर तो कंस सुचवतो.

विश्रामबाग_क्लास: -वॉल उद्याच दाखवते. पण तीन ठिकाणांचं मला अजूनही पटलेलं नाही.