ओळ कुठे तोडायची: एलिको-प्तेर की एलिकॉप्-तेर?

मुद्रितशोधक: फ्रेंच शिकणाऱ्यांच्या धाग्यावर एकाने काल ठणकावलंय, "ओळीअखेर शब्द कानाला ऐकू येईल तसा तोडा. ग्रीक मूळ बघणं ही पंडिती खोड." माझं पोट फ्रेंच मॅन्युअलं तपासण्यावर चालतं, म्हणून सविस्तर लिहितो. 'एलिकॉप्तेर' म्हणजे हेलिकॉप्टर हा शब्द फ्रेंच संशोधक पोंतों दामेकूरने १८६१ साली हेलिक्स (मळसूत्र) आणि प्तेरॉन (पंख) जोडून घडवला. मग 'एलिकॉप्-'वर ओळ संपवून पंख मुळातच का छाटायचा? 'आत्मो-स्फेर' (वातावरण), 'एमी-स्फेर' (गोलार्ध) यांमध्येही 'स्फेर' (गोल) अख्खा दिसलाच पाहिजे.

कानसेन: तो ठणकावणारा मीच. लियाँच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने आधी ग्रीक शिकायचं का? फ्रेंच माणूस 'आत-मॉस-फेर' म्हणतो, विषय संपला. आणि हेलिपोर्टला 'एलिपॉर' म्हणताना फ्रेंचांनीच 'एलि'वर कापलं. तुमचा 'को' कुठे गेला?

मुद्रितशोधक: बोलताना तेच लोक 'एलिको' म्हणतात, ते बरं सोयीस्कर विसरलात!

नाशिकची मावशी: मी 'दियाग-नोस्तीक' (निदान) असं तोडलं म्हणून बाईंनी मार्क कापला होता. म्हणे जी-एन फोडायचा नसतो. अहो, 'मोंताञ'मधला (डोंगर) फोडू नका, तिथे 'ञ' होतो. इथे ग आणि न स्वच्छ वेगळे ऐकू येतात! अजून राग गेलेला नाही.

मुद्रितशोधक: तोडायचं 'दिया-ग्नोस्तीक' असंच. दिया अधिक ग्नोसिस. बाईंनी कारण चुकीचं दिलं, एवढंच.

कानसेन: म्हणजे मावशींचा कान बरोबर, तरी मार्क गेलाच पाहिजे? कमाल आहे.

पाणकमळ: ग्रीक-ग्रीक करणाऱ्यांनी 'नेन्युफार' (पाणकमळ) बघावा. शब्द अरबी-फारसीतला, आधी साधा एफ होता. फ्रेंच अकादमीने १९३५ च्या कोशात ग्रीक थाटाचा पी-एच घुसडला. १९९० च्या स्पेलिंग-सुधारणेने एफ परत आणला, तर २०१६ मध्ये ती पाठ्यपुस्तकांत येणार म्हणताच फ्रान्सभर गहजब!

मुद्रितशोधक: धागा शब्द तोडण्याचा आहे, स्पेलिंगचा नाही.

पाणकमळ: दुखणं एकच आहे. खोटं मूळ चिकटवणारेच इतरांना मुळाची शिस्त लावतात.

नाशिकची मावशी: त्याच सुधारणेने 'ओन्यों'मधला (कांदा) आय ऐच्छिक केला ते मात्र छान झालं. शिकवणीत मुलं हमखास तिथेच अडायची.

मुद्रितशोधक: कांद्याचा इथे काय संबंध? कुणी मूळ मुद्द्यावर बोलणार आहे का?

कानसेन: मी बोलतो. विमानांच्या मॅन्युअलात 'एलिको-प्तेर' एकवेळ चालवून घेईन, तिथला वाचक जाणकार असतो. कादंबरीत अजिबात नाही.

मुद्रितशोधक: मराठीत तुम्ही तेच करता. 'हेलिकॉप्टर' तोडायची वेळ आली तर 'हेलिकॉ-प्टर'च लिहाल.

कानसेन: जोडाक्षर फुटत नाही म्हणून! त्यात ग्रीकांचं श्रेय काय?